फूल पहाटेच्या लोकलनं जातं: कोलाघाटचा बाजार कसा चालतो

मुंबईहून गीतांजली एक्सप्रेसनं निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास एक लांबलचक पूल ओलांडतो. खाली गढूळ पाण्याची रुंद नदी असते, काठाला चिखल, त्यात रुतलेल्या होड्या. नदीचं नाव रूपनारायण. इथून हावडा साधारण ५५ किलोमीटर, त्यामुळे डब्यात बॅगा खाली काढायची गडबड सुरू झालेली असते आणि पुलाच्या अलीकडचं स्टेशन कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. गाडीही तिथे थांबत नाही. ते स्टेशन कोलाघाट. तिथला फुलांचा बाजार तोवर कधीच उठलेला असतो. तो भरतो उजाडायच्या आधी.

बंगालमधलं बाजाराचं गाव कसं जगतं हे समजून घ्यायला मला कोलाघाट सोयीचं वाटतं, कारण इथे नदी, रेल्वे आणि महामार्ग एकाच ठिकाणी एकमेकांना भेटतात. आणि माल म्हणून जे येतं ते फूल आहे. धान्य उद्या विकता येतं, बटाटा शीतगृहात टाकून महिनोन्‌महिने थांबता येतं. झेंडूला तेवढी सवड नसते. म्हणून वाहतूक बाजाराला कशी घडवते हे फुलाच्या गावात सगळ्यात उघडं दिसतं.

आधी हे गाव आहे की शहर, तो घोळ मिटवू. कोलाघाट पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ जानेवारी २००२ ला जुन्या मेदिनीपूरचे दोन भाग करून झाला. इथे नगरपालिका नाही, कारभार ग्रामपंचायतीकडे. पण जनगणनेच्या खात्यात ते शहर म्हणून मोजलं जातं. याला म्हणतात सेन्सस टाउन. नियम असा: लोकसंख्या निदान ५,०००, दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. या तीन चाळण्यांतून गाव पार पडलं की कागदावर ते शहर होतं. गटार आणि कचऱ्याचा प्रश्न मात्र पंचायतीकडेच राहतो. पश्चिम बंगालमध्ये अशी गावं २००१ मध्ये २५२ होती, २०११ मध्ये ७८० झाली. एवढ्या संख्येनं नवी शहरं कुणी वसवली नाहीत. रस्त्याच्या नि रेल्वेच्या कडेला बाजार वाढले, लोक शेती सोडून दुकान, गाडी, हमाली, दलाली यांत शिरले आणि मोजणी करणाऱ्याला त्यांना खेडं म्हणता येईना. बंगालमध्ये ज्याला ‘गंज’ किंवा नुसतं ‘बाजार’ म्हणतात, ते हे.

आता बाजार इथेच का बसला? नकाशावर पाहिलं तर सरळ उत्तर मिळतं: इथे ओझं उतरवावं लागायचं. द्वारकेश्वर आणि शिलावती मिळून झालेली रूपनारायण वरच्या अंगाच्या घाटाल गावाकडून खाली येते आणि पुढे हुगळीला मिळते. हिच्यात भरती-ओहोटी खेळते. रेल्वे येण्याआधी या भागातली बरीचशी ये-जा पाण्यावरून होती, होड्यांनी आणि मेदिनीपूरच्या कालव्यानं. हा कालवा सिंचनाबरोबरच वाहतुकीसाठीही खणलेला. मग १९०० मध्ये बंगाल नागपूर रेल्वेनं रूपनारायणवर पूल बांधून खडगपूर हावड्याला जोडलं. कंपनीच्या नावातलं नागपूर उगाच नाही. १८८७ मध्ये ती उभी राहिली तीच मुळी नागपूर-छत्तीसगड मार्ग हाती घेऊन, त्याचे अरुंद रूळ रुंद करून, तो बंगालपर्यंत नेण्यासाठी. म्हणजे कोलाघाटच्या बाजाराचं एक टोक विदर्भात आहे, असं म्हणायला हरकत नाही. पूल झाल्यावर कालव्यावरची वाहतूक बसली. घाटालकडून स्टीमरनं येणारा माणूस नि माल मात्र कोलाघाटच्या घाटावर उतरून गाडीत चढू लागला. पाण्यावरून लोखंडावर बदली करायची जागा ती बाजाराची जागा. चहावाला, मुटे, आडतदार, लॉज, भाताची खानावळ, सगळे त्या अर्ध्या तासाच्या खोळंब्यावर जगतात.

‘आडतदार’ शब्द मी भाषांतर करून लिहिलेला नाही. बंगालीतही आडतच म्हणतात आणि अर्थही तोच. मुटे म्हणजे डोक्यावर ओझं वाहणारा हमाल. ‘दादन’ म्हणजे पीक हाती येण्याआधी व्यापाऱ्यानं शेतकऱ्याला दिलेली उचल, जिच्या बदल्यात माल त्यालाच घालावा लागतो. आणि ‘फोडे’ म्हणजे शेतकरी नि आडतदार यांच्या मधला फिरता घेणारा. हा शब्द तिथे जरा तुच्छतेनंच उच्चारतात, पण त्याच्याशिवाय बाजार हलत नाही हेही सगळ्यांना माहीत असतं.

फुलाबरोबर एक रात्र चालून पाहू.

पांसकुडा, कोलाघाट, तमलुक या पट्ट्यात कंसावती आणि रूपनारायणच्या गाळाची जमीन आहे. झेंडू, निशिगंध, शेवंती, मोगरा, जास्वंद, तेरडा, गोकर्ण अशी फुलं इथे लहान लहान तुकड्यांत घेतली जातात. तुकडे किती लहान? २०१५-१६ च्या कृषी गणनेत पश्चिम बंगालची सरासरी जमीनधारणा ०.७६ हेक्टर निघाली, महाराष्ट्राची १.३४. फुलशेती तर बहुतेकदा घराला लागून असलेल्या काही गुंठ्यांवर. ही लहानशी गोष्ट पुढच्या सगळ्या व्यवहाराचं मूळ आहे, लक्षात ठेवा. एका घराचा रोजचा माल एखाद-दोन टोपल्या. त्यासाठी टेम्पो ठरवणं परवडत नाही.

दिवसा फुलं खुडतात, संध्याकाळी घरातल्या बायका माळा ओवायला बसतात. हे काम बहुतेक वेळा मजुरीत मोजलंच जात नाही. झेंडूच्या माळा विसाच्या जुडीनं विकल्या जातात, तिला म्हणतात ‘कुडि’. आपल्याकडे कोडी म्हणजे वीस, तेच. जास्वंदीच्या कळ्या मात्र उमलण्याआधी खुडून मोजून विकाव्या लागतात, कारण कालीला वाहायचं फूल देवळात पोचल्यावर उमललं पाहिजे. उमलून पोचलेल्या जास्वंदीला कुणी विचारत नाही.

मग भल्या पहाटे अंधारात घरापासून स्टेशनपर्यंतचा टप्पा. इथे चालते ती ‘व्हॅन’. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मारुती येईल, पण बंगालमधली व्हॅन म्हणजे तीन चाकी सायकल, मागे लाकडी फळ्यांचं सपाट अंग. अलीकडे तिला पंपाचं इंजिन बसवतात किंवा तिच्या जागी बॅटरीवर चालणारी टोटो येते. जरा जास्त माल असेल तर ‘छोटा हाती’, म्हणजे आपला छोटा हत्ती. नाव दोन्हीकडे एकच रुजलंय. नदीपलीकडून येणाऱ्यांसाठी भुटभुटी आहे, आवाजावरूनच नाव पडलेली इंजिनाची होडी. तिची वेळ भरती-ओहोटीशी बांधलेली. ओहोटीला काठाचा चिखल इतका उघडा पडतो की टोपली डोक्यावर घेऊन पोटरीभर गाळ तुडवत यावं लागतं.

स्टेशन आहे पुलाकडे चढत जाणाऱ्या उंच बांधावर, आणि बाजार त्याला बिलगून. दिव्यांच्या उजेडात पिवळ्या-नारिंगी माळांचे ढीग, कर्कश हाका, ओल्या पोत्यांचा वास. आता इथे उभ्या असलेल्या शेतकऱ्यापुढे रोज एकच प्रश्न असतो: माल इथेच द्यायचा की हावड्याला न्यायचा?

इथे दिला तर पैसे हातात आणि तो उजाडेपर्यंत पुन्हा मळ्यात. पण भाव फोडे सांगेल तो. हावड्याला नेला तर भाव चढा मिळण्याची शक्यता, पण तिकीट, मुट्याची मजुरी, गेलेली झोप, आणि गाडी रखडली तर मातीमोल झालेला माल. त्यामुळे बरेच जण मधला मार्ग काढतात. चार-सहा घरांचा माल एक माणूस नेतो आणि बाकीचे त्याला वाटा देतात. तोच हळूहळू फोडे होतो. मधला दलाल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गादीवर लोळणारा शेठ येतो. इथला मधला माणूस पुष्कळदा शेजारचाच, जरा जास्त जागरण करणारा शेतकरी असतो. अर्थात सगळे तसे नसतात. ज्याच्याकडून दादन घेतलंय त्याच्यापुढे भावाची घासाघीस करता येत नाही, मग तो शेजारी असो की शेठ.

नेणारा चढतो लोकलच्या ‘भेंडर कामऱ्या’त, म्हणजे व्हेंडरच्या डब्यात. मुंबईच्या लोकलमधला मालडबा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. खिशात मालाचा मासिक पास, ज्याला तिथे ‘मान्थली’ म्हणतात. फुलाच्या टोपल्या, पालेभाजीचे गठ्ठे, छेना म्हणजे मिठाईसाठी फाडलेल्या दुधाचं पनीर भरलेल्या कापडी पुरचुंड्या, माशांचे पाणी गळणारे डबे, सगळं एकावर एक. खडगपूर, मेदिनीपूर, हल्दिया, पांसकुडा, मेचेदा अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेल्या लोकल कोलाघाटवरूनच हावड्याकडे जातात, म्हणून इथे गाड्या पुष्कळ. दोन-तीन स्टेशनं मागे असलेल्या गावापेक्षा कोलाघाटचं नशीब त्यामुळेच थोडं बरं आहे.

हावड्याला उतरल्यावर बदली पुन्हा माणसाच्या डोक्यावर. १९४३ मध्ये खुला झालेला हावडा पूल पायी ओलांडला की लगेच खाली मल्लिक घाट, कोलकात्याचा मोठा फूलबाजार. दादरला फूलबाजार स्टेशनच्या कुशीत का आहे, याचं जे उत्तर तेच मल्लिक घाटाचं. फूल जिथे गाडीतून उतरतं त्यापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत ते विकलं गेलं पाहिजे, नाहीतर ओझ्याची मजुरी नफा खाते. इथे भाव तासातासाला उतरतो. पहिल्या गाडीनं आलेल्याला भाव सांगता येतो. उन्हं वर आल्यावर आलेला भाव विचारतो. आणि मल्लिक घाटावर काय बोली लागली ते फोनवरून कोलाघाटला कळतं, की तिथले ढीगही त्याप्रमाणे स्वस्त-महाग होतात.

परतीच्या गाडीत टोपल्या रिकाम्या नसतात. ओवायच्या दोऱ्याची रिळं, खतं, औषधं, मुलांच्या वह्या कोलकात्याहून घरी येतात. मुलगी कॉलेजला जाते तीही याच मार्गानं. आजाऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर हीच लोकल. फुलासाठी धावणारी गाडी आहे, असं कुणी म्हणत नाही. गाडी आहे म्हणून फूल पिकतं.

ही गाडी काढून घेतली तर काय उरतं, हे एकदा घडून गेलंय. २०२० च्या मार्चअखेर प्रवासी गाड्या थांबल्या आणि कोलकात्याच्या लोकल सामान्य प्रवाशांसाठी सुरू झाल्या त्या ११ नोव्हेंबरला. म्हणजे साडेसात महिन्यांनी. पुढच्या वर्षी ६ मे रोजी पुन्हा बंद, ते ३१ ऑक्टोबरपर्यंत. तारखा पंचांगाशी ताडून पाहा: दोन्ही वर्षांची दुर्गापूजा या बंद काळात आली. बंगालच्या फूलवाल्याचं वर्ष ज्या आठवड्यावर उभं असतं, तो आठवडा दोन्हीदा लोकलविना गेला. सुरुवातीच्या काही आठवड्यांत तर देवळं आणि लग्नंही बंद, फुलं शेतातच सडली. त्यातच २० मे २०२० ला अम्फान चक्रीवादळ आलं आणि उरलेसुरले मळे झोपवून गेलं. रस्ते खुले झाल्यावर लोकांनी वर्गणी काढून टेम्पो केले. पण लोकलच्या मान्थलीवर जमलेलं गणित डिझेलच्या भावात कसं बसावं? ज्यांचा माल टोपलीभर होता ते आधी बाहेर पडले. मोठे तगले.

त्याच वर्षी, २८ डिसेंबर २०२० ला, आपल्या सांगोल्याहून शंभरावी किसान रेल्वे सुटली, तीही शालिमारला, म्हणजे हावड्याच्या शेजारीच. डाळिंबं, द्राक्षं, संत्री, भाज्या घेऊन ती याच मार्गावरून गेली असणार. हजारो किलोमीटर जाऊ शकणाऱ्या मालासाठी गाडी मिळाली, ही चांगलीच गोष्ट. पण डाळिंब दोन दिवस प्रवास करतं. झेंडूला ५५ किलोमीटर हवे असतात, तेही पहाटे आणि रोज. दोन्हीला आपण ‘शेतमालाची वाहतूक’ असं एकच नाव देतो, तिथेच गल्लत होते.

महामार्गाचं काय, असं कुणी विचारेल. तो आहेच, आणि त्याचं नाव ऐकून मराठी माणसाला गंमत वाटेल: हावडा-कोलकाता भागात जुनी माणसं त्याला अजून ‘बॉम्बे रोड’ म्हणतात. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर असा येणारा जो जुना राष्ट्रीय महामार्ग ६, त्याचंच हे पूर्वेकडचं टोक. पुढे क्रमांक बदलले; महाराष्ट्रातला तुकडा ५३ झाला, कोलाघाटचा १६. इथूनच हल्दिया बंदराकडे ११६ क्रमांकाचा रस्ता फुटतो. दीघ्याच्या समुद्रावर निघालेले कोलकातावासी इथे धाब्यांवर थांबतात, म्हणून बाजाराचा एक अख्खा भाग पराठा आणि तडका नावाच्या डाळीवर चालतो. त्यांच्यासाठीच रस्त्याकडेला ‘कोलाघाटचा इलिश’ मिळतो. रूपनारायणचा इलिश म्हणजे हिलसा एकेकाळी खरोखर नावाजलेला. आता नदी गाळानं उथळ झाली, मासा कमी झाला, आणि त्या नावाखाली विकला जाणारा बराच मासा दीघा किंवा डायमंड हार्बरकडून ट्रकनं आलेला असतो. पूर्वी इथला मासा बाहेर जायचा, आता बाहेरचा मासा इथलं नाव घेऊन विकला जातो. रस्ता दोन्हीकडे चालतो हेच खरं.

शेजारच्या मेचेद्याची गोष्ट पानाची. मेदिनीपूरकडे विड्याची पानं ‘बरज’मध्ये पिकतात: बोरू, बांबू, गवत यांनी शाकारलेला अंधारा मंडप, आपला पानमळाच, पण वरून झाकलेला. पान ओलं ठेवून करंडीत नीट रचलं तर काही दिवस टिकतं, म्हणून ते लांबच्या गाड्यांतून मुंबईपर्यंत येतं. आपल्या टपरीवर ‘कलकत्ता’ म्हणून मागतात ते पान कोलकात्याच्या रस्त्यांवर पिकत नाही, ते असं बरजातून येतं. फूल नि पान शेजारी शेजारी पिकतात, पण एकाची बाजारपेठ तास-दीड तासाच्या अंतरावर आणि दुसऱ्याची दीड दिवसाच्या, तेवढ्या एका फरकानं मेचेद्याचा पानवाला मुंबईच्या भावाची चौकशी करतो आणि कोलाघाटचा फूलवाला उद्याच्या पहिल्या लोकलची.

पाणी मात्र दोघांनाही सारखंच. २०२४ च्या सप्टेंबरात कंसावतीचा बांध फुटून पांसकुड्याचा भाग पाण्याखाली गेला, पूजा तीन आठवड्यांवर असताना. झेंडू पाण्यात दोन दिवस उभा राहिला की मुळं कुजतात. भात थोडी कळ काढतो, फूल नाही. पहाटेची गाडी येत राहिली तरी तिच्यात चढवायला काही नसतं.

एक फूल मात्र पाण्यातच जगतं, आणि त्याची गोष्ट मला या सगळ्यात जास्त आवडते. रेल्वेचा आणि रस्त्याचा बांध घालायला कडेची माती काढली, तिथे लांबट खड्डे राहिले. बंगालीत त्यांना ‘नयानजुली’ म्हणतात. त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि त्यात लोक कमळ लावतात. गाडीतून पाहिलं तर रुळांच्या कडेनं मैलोगणती पसरलेली गोल पानं दिसतात. दुर्गापूजेत अष्टमी संपून नवमी लागताना संधिपूजा असते, अठ्ठेचाळीस मिनिटांची, आणि तिला १०८ कमळं लागतात. कोलकात्यातल्या हजारो मंडपांना, एकाच दिवशी. तेवढी कमळं त्या एका पहाटे खुडून होत नाहीत, म्हणून काही आठवडे आधीपासून ती शीतगृहात साठवतात. ज्याच्याकडे एक गुंठाही जमीन नाही असा माणूस या खड्ड्यांवर वर्षाची कमाई काढतो. जमीन त्याची नसते, सातबारा तर दूरच. फार तर कुणाला तरी ठरावीक रक्कम देऊन एका हंगामाचा ठेका.

आणि या खड्ड्यांना नुकसानभरपाईही नसते, कारण कागदावर तिथे शेत नाहीच. डानकुनी-खडगपूर रस्ता, म्हणजे हाच बॉम्बे रोड, सहापदरी करायला घेतला की माती सगळ्यात आधी नयानजुलीत पडते. कमळवाला तेव्हा बांधावर उभा राहून पाहतो आणि पुढचा खड्डा कुठे मिळेल त्याची चौकशी करत रुळांकडेनं चालू लागतो.